एरिक एरिकसन

एरिक होम्बुर्गर एरिकसन (जन्म: १५ जून १९०२, फ्रँकफर्ट, जर्मनी, मृत्यू: १२ मे १९९४, हार्विच, मॅसेच्युसेट्स, अमेरिका) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मनोविश्लेषक आणि बालमानसतज्ज्ञ होते. माणसाचा मनोसामाजिक विकास जन्मापासून वार्धक्यापर्यंत आठ अवस्थांतून होतो, हा त्यांचा सिद्धांत मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवला जातो. कुमारवयातील 'अस्मितेचा पेच' ही संकल्पना त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीला एकटीने सापडत नाही. ती ज्या वंशात, समाजात आणि इतिहासात वाढते, त्यांच्याशी तिचे नाते काय, यावर ते अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामुळे अल्पसंख्य समाजांतील मुलांच्या वांशिक अस्मितेविषयी पुढे जे संशोधन झाले, त्याचा प्रारंभ बहुधा त्यांच्या ग्रंथांपासूनच मानला जातो.

जन्म आणि बालपण

एरिकसन यांची आई कार्ला अब्राहमसेन ही कोपनहेगन येथील एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यातील होती. तिचा विवाह वाल्डेमार सालोमोनसेन या दलालाशी झाला होता. मात्र मुलाच्या जन्माच्या बऱ्याच आधी दोघे विभक्त झाले होते. गरोदर असल्याचे ध्यानात आल्यावर कार्ला जर्मनीत गेली आणि फ्रँकफर्ट येथे तिने मुलाला जन्म दिला. कागदोपत्री मुलाचे आडनाव सालोमोनसेन असे लागले, पण सालोमोनसेन हा त्याचा जन्मदाता नव्हता. खरा पिता ज्यू नसलेला डेन्मार्कचा रहिवासी असावा, असा समज होता. आईने त्याचे नाव कधीही सांगितले नाही आणि एरिकसन यांना ते अखेरपर्यंत कळले नाही.

१९०५ मध्ये कार्लाने कार्ल्सरुह येथील बालरोगतज्ज्ञ थिओडोर होम्बुर्गर यांच्याशी विवाह केला. होम्बुर्गर हेच आपले वडील, असे एरिकला लहानपणी सांगण्यात आले आणि त्याला त्यांचे आडनावही मिळाले. दत्तकविधानही रीतसर झाले. सावत्र वडिलांनी मुलाचे संगोपन जबाबदारीने केले, यात शंका नाही. तरीही घरात काहीतरी दडवले जात आहे, ही जाणीव मुलाला होती आणि सत्य त्याच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनीच पोहोचले.

घराबाहेरची परिस्थिती याहून सोपी नव्हती. एरिक उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा आणि सोनेरी केसांचा होता. ज्यू प्रार्थनामंदिरातील मुले त्याला परका समजून चिडवत, तर शाळेतील जर्मन मुले ज्यू म्हणून हिणवत. ज्या दोन समूहांमध्ये तो वाढत होता, त्यांपैकी एकानेही त्याला आपला मानले नाही. पुढील आयुष्यात एरिकसन यांनी या अनुभवाचा उल्लेख केला आहे, मात्र तो नेहमीच मोजक्या शब्दांत केला. त्यांच्या चरित्रकारांनी या प्रसंगांना बरेच महत्त्व दिले आहे.

भटकंती आणि व्हिएन्ना

शालेय शिक्षणात एरिक सामान्य होता. शाळा संपल्यावर सावत्र वडिलांची वैद्यकीय शिक्षणाची अपेक्षा बाजूला सारून त्याने चित्रकला निवडली. कार्ल्सरुह आणि म्युनिक येथे त्याने कलेचे शिक्षण घेतले, नंतर काही वर्षे तो युरोपात, मुख्यतः इटलीत, भटकत राहिला. फ्लॉरेन्समध्ये त्याचा बराच काळ गेला. निश्चित व्यवसाय नाही, पत्ता नाही, पुढे काय करायचे याची कल्पना नाही, अशी ही वर्षे होती. समाज तरुणांना निर्णय लांबणीवर टाकण्यासाठी एक प्रकारची मुदत देतो आणि ही मुदत विकासासाठी आवश्यक असते, असे एरिकसन यांनी पुढे मांडले. त्या विचारामागे ही वर्षे आहेत.

१९२७ मध्ये बालमित्र पीटर ब्लॉस यांच्या आमंत्रणावरून ते व्हिएन्नाला गेले. डोरोथी बर्लिंगहॅम यांनी अॅना फ्रॉइड यांच्या सहकार्याने तेथे एक लहानशी प्रयोगशील शाळा सुरू केली होती. मनोविश्लेषणासाठी व्हिएन्नात आलेल्या कुटुंबांची मुले तेथे शिकत. एरिकसन तेथे शिक्षक झाले. मुलांशी त्यांचे सहज जमते, हे अॅना फ्रॉइड यांनी हेरले आणि त्यांना बालमनोविश्लेषणाकडे वळवले. त्यांचे स्वतःचे मनोविश्लेषणही अॅना फ्रॉइड यांनीच केले. याच काळात त्यांनी माँटेसरी शिक्षणपद्धतीची पदविका मिळवली. १९३३ मध्ये व्हिएन्ना मनोविश्लेषण संस्थेतील त्यांचे प्रशिक्षण पूर्ण झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी आयुष्यात कधीच घेतली नाही.

१९३० मध्ये त्यांचा विवाह कॅनडात जन्मलेल्या नृत्यशिक्षिका जोन सेरसन यांच्याशी झाला. जोन या त्यांच्या लेखनाच्या पहिल्या वाचक आणि संपादक होत्या. एरिकसन यांच्या इंग्रजी गद्यातील प्रवाहीपणाचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांना दिले जाते. आठ अवस्थांच्या सिद्धांतातही जोन यांचा वाटा मोठा होता. मुखपृष्ठांवर मात्र दीर्घकाळ एकट्या पतीचे नाव राहिले.

अमेरिकेतील प्रारंभीची वर्षे

जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३३ मध्ये एरिकसन दांपत्य व्हिएन्नाहून निघाले. डेन्मार्कचे नागरिकत्व मिळवण्याचा प्रयत्न असफल झाल्यावर ते बोस्टनला आले. एरिकसन हे त्या शहरातील पहिले बालमनोविश्लेषक ठरले. हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी नाव नोंदवले, परंतु तो अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. १९३६ मध्ये ते येल विद्यापीठात गेले.

याच दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ स्कडर मेकील यांच्याबरोबर ते साउथ डकोटातील पाइन रिज या आरक्षित प्रदेशात गेले. तेथील लकोटा (सू) मुले सरकारी शाळांत निरुत्साही असतात, काही सांगितले तर विरोध करत नाहीत आणि पाळतही नाहीत, अशी शिक्षकांची तक्रार होती. एरिकसन यांनी दोष मुलांमध्ये शोधला नाही. रानगव्यांच्या शिकारीवर उभे असलेले लकोटांचे जीवन गव्यांच्या संहाराबरोबर संपले होते. ज्या गुणांसाठी आजी-आजोबा मुलांना घडवत, त्या गुणांना वाव देणारे जगच उरले नव्हते. घरी मुलांना आपल्याजवळचे देऊन टाकण्यात मोठेपणा आहे, असे शिकवले जाई. शाळा बचत, स्पर्धा आणि वेळापत्रक शिकवी. दोन्ही बाजूंच्या अपेक्षा एकाच मुलात नांदणे शक्य नव्हते. तेव्हा मूल मिटून जाई. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात एरिकसन यांनी ही मांडणी केली. ज्याला आळस किंवा मंदबुद्धी समजले जात होते, त्याचे मूळ एका समाजाच्या तुटलेल्या इतिहासात आहे, हे सांगणारा हा लेख त्या काळात वेगळा होता.

त्यानंतर कॅलिफोर्नियातील क्लॅमथ नदीकाठच्या युरोक जमातीचा अभ्यास त्यांनी आल्फ्रेड क्रोबर यांच्या साहाय्याने केला. सामन मासे पकडून जगणाऱ्या या जमातीच्या बालसंगोपनाचे धागे त्यांनी नदी, मासेमारी आणि मालमत्तेविषयीच्या तिच्या कल्पनांशी जोडून दाखवले. फ्रॉइडच्या बालविकासविषयक कल्पना सर्व समाजांना जशाच्या तशा लागू होत नाहीत, हे या दोन अभ्यासांतून त्यांच्या मनात पक्के झाले.

नावाचा प्रश्न

१९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी आपले आडनाव एरिकसन असे केले. होम्बुर्गर हे मधले नाव म्हणून राहिले. या नावाचा अर्थ 'एरिकचा पुत्र' असा होतो. ज्याला पित्याचे नाव ठाऊक नाही, त्याने स्वतःलाच आपला पिता करून घेतले, असा अर्थ अनेकांनी लावला. कुटुंबीयांनी दिलेले कारण साधे होते: अमेरिकन मुले 'होम्बुर्गर'चे 'हॅम्बर्गर' करून एरिकसन यांच्या मुलांना चिडवत असत.

हा निर्णय पुढे वादाचा ठरला. १९७५ मध्ये लेखक मार्शल बर्मन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधील परीक्षणात एरिकसन यांनी आपले ज्यूपण झाकले, असा आरोप केला. अस्मितेवर आयुष्यभर लिहिणाऱ्याने स्वतःच्या अस्मितेविषयी मौन बाळगावे, ही विसंगती टीकाकारांना खुपली. आरोपात तथ्य किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. सावत्र वडिलांचे नाव त्यांनी पूर्णपणे टाकले नव्हते, ही एक बाजू. आपल्या ज्यू वारशाविषयी ते क्वचितच आणि अस्पष्टपणे लिहीत, ही दुसरी. मात्र ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्या, ज्यू घरात वाढलेल्या आणि तरीही दोन्हीकडून परका ठरलेल्या माणसाकडून एका शब्दातील उत्तराची अपेक्षा करणे, त्यांच्याच सिद्धांताच्या कसोटीवर टिकणारे नाही.

युद्धकाळ आणि 'चाइल्डहुड अँड सोसायटी'

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एरिकसन यांनी हिटलरच्या प्रचाराचा जर्मन तरुणांवर होणारा परिणाम अभ्यासला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार हिटलर पित्याच्या भूमिकेतून बोलत नसे. तो कधीही न नमलेल्या, बंडखोर थोरल्या कुमारासारखा तरुणांपुढे येई. स्वतःविषयी साशंक असलेल्या पिढीला त्याने वंशश्रेष्ठतेची तयार ओळख दिली आणि ज्यूंना सर्व वाईटाचे रूप ठरवले. कुमारवयातील अस्मितेची भूक राजकारण कसे वापरते, हा विषय पुढे त्यांच्या लेखनात वारंवार येत राहिला.

सॅन फ्रान्सिस्को येथील माउंट झायन रुग्णालयाच्या चिकित्सालयात त्यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार केले. हे सैनिक वेडे नव्हते किंवा ढोंगीही नव्हते. कालचा मी आणि आजचा मी एकच आहोत, ही खात्री ते गमावून बसले होते. एरिकसन यांनी या अवस्थेसाठी अस्मितेच्या पेचाची संज्ञा वापरली. पुढे अस्वस्थ कुमारवयीन मुलांमध्येही त्यांना तीच लक्षणे दिसली. फरक इतकाच, की सैनिकांमध्ये ती युद्धाने निर्माण केली होती आणि मुलांमध्ये ती वाढीचाच भाग होती.

१९४४ मध्ये एरिकसन दांपत्याला नील हे चौथे अपत्य झाले. त्याला डाउन सिंड्रोम होता. त्या काळच्या वैद्यकीय प्रथेप्रमाणे त्याला लगेच संस्थेत ठेवण्यात आले आणि मुलाचा जन्मतःच मृत्यू झाला, असे भावंडांना सांगण्यात आले. स्वतः एका कौटुंबिक गुपितात वाढलेल्या एरिकसन यांनी आपल्या घरात दुसरे गुपित निर्माण केले. लॉरेन्स फ्रीडमन यांच्या १९९९ मधील चरित्रामुळे ही घटना सर्वज्ञात झाली. निरोगी विकासाचा आराखडा या घटनेनंतरच्या वर्षांतच आकाराला आला, याकडेही फ्रीडमन यांनी लक्ष वेधले आहे.

'चाइल्डहुड अँड सोसायटी' हा त्यांचा पहिला ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. लकोटा आणि युरोक यांचे अभ्यास, हिटलरवरील निबंध आणि आठ अवस्थांची मांडणी या सर्वांचा त्यात समावेश आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने अध्यापकांकडून कम्युनिस्टविरोधी निष्ठेची शपथ मागितली. एरिकसन यांनी या सक्तीला जाहीर विरोध केला आणि नुकतेच मिळालेले प्राध्यापकपद सोडले. पुढील जवळजवळ दहा वर्षे त्यांनी मॅसेच्युसेट्समधील स्टॉकब्रिज येथील ऑस्टिन रिग्ज केंद्रात तरुण रुग्णांवर उपचार केले.

मनोसामाजिक विकासाचा सिद्धांत

एरिकसन यांच्या मते प्रत्येक अवस्थेत व्यक्तीपुढे एक संघर्ष उभा राहतो. तान्हेपणी तो विश्वास आणि अविश्वास यांच्यातील असतो. वार्धक्यात आयुष्याविषयीचे समाधान आणि निराशा यांच्यातील. संघर्ष यशस्वीपणे हाताळला गेला तर एक सामर्थ्य हाती लागते: तान्हेपणी आशा, अखेरीस शहाणपण. संघर्षाची नकारात्मक बाजू समूळ नष्ट होत नाही आणि होऊही नये, असे ते बजावत. काहीही अविश्वास नसलेले मूल सुरक्षित राहू शकत नाही.

पाचवी अवस्था कुमारवयाची. तिच्यातील संघर्ष अस्मिता आणि भूमिकासंभ्रम यांच्यात असतो आणि तिचे फलित निष्ठा हे असते. शरीर बदलते, व्यवसायाची निवड समोर येते, घराबाहेरील लोकांची मते महत्त्वाची वाटू लागतात. लहानपणी ज्यांच्यासारखे व्हावेसे वाटले त्या सगळ्यांचे तुकडे जुळवून मुलाला स्वतःचे एक रूप घडवावे लागते. हे रूप समाजानेही ओळखावे आणि मान्य करावे लागते, हा या सिद्धांताचा कळीचा भाग आहे. समाज एखाद्या मुलाला त्याच्या वर्णामुळे किंवा जन्मामुळे आधीच हीन ठरवत असेल, तर तो मुलापुढे एकच तयार भूमिका ठेवतो. अनेक मुले मग तीच स्वीकारतात, कारण काहीच नसण्यापेक्षा वाईट असणे त्यांना सोपे वाटते. एरिकसन यांनी याला नकारात्मक अस्मिता म्हटले.

१९५० मध्ये व्हाइट हाऊसने बालक व युवक यांविषयी परिषद भरवली. तिच्यासाठी एरिकसन यांनी निरोगी व्यक्तिमत्त्वाच्या वाढीवर निबंध लिहिला. याच परिषदेसाठी कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी पूर्वग्रहाचा मुलांच्या व्यक्तिमत्त्वावर होणारा परिणाम यावर अहवाल तयार केला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या अहवालाचा आधार घेतला.

नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, एरिकसन यांनी वंशसंबंधांतील अस्मितेच्या कल्पनेवर स्वतंत्र निबंध लिहिला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक अदृश्यतेविषयी आणि निनावीपणाविषयी लिहितात, ही केवळ अभावाची कबुली नाही. ऐकले जाण्याची आणि पाहिले जाण्याची ती मागणी आहे, असे त्यांनी मांडले. हा निबंध १९६८ च्या 'आयडेंटिटी: यूथ अँड क्रायसिस' या ग्रंथात समाविष्ट झाला. एक समूह स्वतःलाच खरी मानवजात समजतो आणि दुसऱ्याला जणू वेगळ्या प्रजातीचे मानतो, या प्रवृत्तीला त्यांनी छद्मप्रजातीकरण असे नाव दिले. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे नेते ह्युई न्यूटन यांच्याशी त्यांचा संवाद झाला; तो १९७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

भारत आणि गांधी

१९६० मध्ये पदवी नसलेले एरिकसन हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. १९६२ मध्ये ते एका चर्चासत्रासाठी अहमदाबादला आले आणि साराभाई कुटुंबाच्या संपर्कात आले. १९१८ च्या गिरणी संपात मालकांच्या बाजूने अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने त्यांची बहीण अनसूया उभ्या होत्या. महात्मा गांधींनी या संपात उपोषण केले होते. एरिकसन यांनी संपातील हयात व्यक्तींना भेटून त्या घटनेवर 'गांधीज ट्रुथ' (१९६९) हा ग्रंथ लिहिला. त्याला १९७० मध्ये पुलित्झर पारितोषिक आणि नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले.

ग्रंथाच्या मध्यावर त्यांनी दिवंगत गांधींना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले आहे. कस्तुरबा आणि आश्रमातील मुले यांच्याशी गांधी ज्या कठोरपणे वागले, त्यात हिंसेचा अंश होता, असे ते तेथे आदराने पण स्पष्टपणे सांगतात. हिंदू आश्रमव्यवस्थेची आपल्या अवस्थांशी तुलनाही त्यांनी या ग्रंथात केली. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर हे हार्वर्डमध्ये त्यांचे सहायक होते. भारतीय बालपणावरील कक्कर यांच्या 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथावर एरिकसन यांच्या विचारांची छाया दिसते.

अखेरची वर्षे

१९७० मध्ये निवृत्त झाल्यानंतरही त्यांचे लेखन चालू राहिले. १९८२ मध्ये त्यांनी आपल्या सिद्धांताचा आढावा घेणारे पुस्तक लिहिले. १२ मे १९९४ रोजी हार्विच येथील शुश्रूषागृहात वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पतीच्या वृद्धापकाळाचा जवळून घेतलेला अनुभव आणि स्वतःचे वार्धक्य यांच्या आधारे जोन एरिकसन यांनी १९९७ च्या सुधारित आवृत्तीत नवव्या अवस्थेची भर घातली.

टीका आणि नंतरचे संशोधन

एरिकसन यांच्या संकल्पना सैल आहेत आणि त्या मोजता येत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. त्यांचे नमुने प्रामुख्याने पुरुषांचे आहेत, ही टीका अधिक गंभीर आहे. हार्वर्डमध्ये त्यांच्यासह अध्यापन केलेल्या कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की स्त्रियांच्या विकासात अस्मिता आणि जवळीक या क्रमाने येतीलच असे नाही. 'अंतर्गत अवकाशा'च्या आधारे स्त्रियांची मानसिकता स्पष्ट करणारा एरिकसन यांचा निबंधही स्त्रीवादी अभ्यासकांनी नाकारला.

मोजमापाचा प्रश्न जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये हाती घेतला. व्यक्तीने पर्यायांचा शोध घेतला आहे का आणि ती कशाशी बांधिलकी मानते का, या दोन निकषांवर त्यांनी चार स्थिती कल्पिल्या: विखुरलेली अस्मिता, शोध न घेता स्वीकारलेली अस्मिता, शोध चालू असलेली अस्मिता आणि शोधानंतर साध्य झालेली अस्मिता.

जीन फिनी यांनी ही पद्धत वांशिक अस्मितेला लागू केली. १९८९ मध्ये त्यांनी अमेरिकेत जन्मलेल्या, दहावीत शिकणाऱ्या ९१ आशियाई, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्पसंख्य समाजांतील सुमारे निम्म्या मुलांनी आपल्या वंशाविषयी विचारच केला नव्हता. सुमारे पाव मुले विचार करत होती आणि उरलेली एका निष्कर्षाला पोहोचली होती. या शेवटच्या गटाची मानसिक स्थिती सर्वांत चांगली आढळली. तिन्ही अल्पसंख्य गटांत प्रक्रिया सारखी होती, प्रश्न मात्र प्रत्येकाचे वेगळे होते. श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांना या स्थितींत बसवता आले नाही, कारण त्यांच्यापैकी बहुतेक स्वतःला केवळ अमेरिकन समजत होते आणि आपल्यालाही वंश आहे, असे त्यांना वाटत नव्हते. १९९२ मध्ये फिनी यांनी कोणत्याही वांशिक गटातील कुमारांना देता येईल अशी प्रश्नावली तयार केली; २००७ मधील तिच्या सुधारित रूपात सहाच विधाने आहेत.